सील शाबूत, माल मात्र कमी: कंटेनरमध्ये जीपीएस बसवण्याआधी काय पाहावे

भोसरीहून महिन्याला यंत्रभागांचा एक वीस फुटी कंटेनर जर्मनीला पाठवणाऱ्या एका उद्योजकाने येथे प्रश्न विचारला आहे. गेल्या खेपेत ग्राहकाला प्रत्येकी २५ किलोचे १४ बॉक्स कमी मिळाले, दारावरचे सील मात्र शाबूत होते आणि त्याचा क्रमांकही कागदपत्रांशी जुळत होता. आता एक विक्रेता प्रत्येक कंटेनरमध्ये जीपीएस उपकरण ठेवण्याचा आग्रह करत आहे, तर हा खर्च करावा का, असे त्यांनी विचारले आहे. मी गेली बावीस वर्षे पिंपरी-चिंचवड, चाकण आणि रांजणगाव भागातल्या कारखान्यांची निर्यातीची पाठवणी सांभाळत आलो आहे. हा प्रश्न इतक्या वेगवेगळ्या रूपांत माझ्यापुढे आला आहे की त्याचे सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते.

आपला कंटेनर हरवला नव्हता. तो भोसरीहून निघाला, न्हावा शेव्याला पोहोचला, जहाजावर चढला आणि जर्मनीत उतरला, हे सर्व आपल्याला ठाऊक आहे. आपली खरी अडचण अशी आहे, की हे १४ बॉक्स कमी झाले तेव्हा कंटेनर कोणाच्या ताब्यात होता, हे सांगणारा एकही पुरावा आपल्या हाती नाही. जीपीएस कंटेनर कुठे आहे ते सांगतो, पण त्यात काय आहे आणि दाराला कोणी हात लावला, हे तो आपोआप सांगत नाही. म्हणून उपकरण घ्यायचे की नाही, हा प्रश्न थोडा मागे ठेवून आधी ताब्याची साखळी पाहू.

तीन गोष्टी आपण लिहिलेल्या नाहीत आणि माझे उत्तर बरेचसे त्यांवर अवलंबून आहे. माल आपल्या कारखान्यातच भरून स्व-सीलबंदीखाली, म्हणजे आपणच सील लावून, निघतो, की तळेगाव-दिघीच्या आयसीडीत (बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोत) किंवा बंदराजवळच्या सीएफएसमध्ये (कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या केंद्रात) भरला जातो? विक्री एफओबी अटीवर आहे (जहाजभाडे आणि विमा ग्राहकाचा) की सीआयएफ (दोन्ही आपले)? आणि कमी पडलेले बॉक्स दाराजवळच्या पॅलेटवरचे (माल रचायच्या लाकडी चौकटीवरचे) होते की आतल्या? आपण कारखान्यातच कंटेनर भरता असे मी येथे धरून चालतो, कारण एवढ्या मालासाठी बहुतेक जण तेच करतात.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कंटेनर भरला की आतल्या पॅलेटपर्यंत पोहोचायला फोर्कलिफ्ट लागते आणि पुढची पॅलेट काढल्याशिवाय मागची हाताला लागत नाही. रस्त्याच्या कडेला, रात्री, घाईत काम करणारा माणूस दाराजवळच्या पॅलेटची स्ट्रेच फिल्म कापतो आणि हाताने उचलता येतील तेवढे बॉक्स काढतो. २५ किलोचा बॉक्स एका माणसाला उचलता येतो. म्हणून फिल्म कापलेली असेल आणि कमतरता फक्त दाराशी असेल, तर संशयाचा रोख रस्त्याकडे किंवा एखाद्या यार्डाकडे जातो. फिल्म मूळची असेल आणि आतल्या पॅलेटवरच थर कमी असतील, तर ते बॉक्स कंटेनरमध्ये चढलेच नव्हते, किंवा ग्राहकाच्या गोदामात उतरवल्यानंतर मोजणीत घोळ झाला, या दोन शक्यता आधी तपासाव्या लागतात. हे लिहिताना कोणावर आरोप करण्याचा माझा हेतू नाही. माझ्या अनुभवात 'चोरी' म्हणून सुरू झालेल्या तक्रारींपैकी बऱ्याच शेवटी आपल्याच डिस्पॅच विभागातल्या मोजणीपाशी येऊन थांबल्या आहेत.

आता सीलविषयी. सील शाबूत असले म्हणजे दार उघडले गेले नाही, असे समजण्याची चूक मीही सुरुवातीची काही वर्षे केली. कंटेनरचे उजवे दार डाव्या दारावर येते आणि सील साधारणपणे उजव्या दाराच्या मुठीच्या कडीत बसते. ती मूठ दांड्याला आणि कडी दाराला रिवेटने किंवा बोल्टने जोडलेली असते. जाणकार चोर सीलला हातही लावत नाही. तो मुठीचा रिवेट काढतो, दांडा फिरवतो, दार उघडतो, काम झाल्यावर नवा रिवेट किंवा बोल्ट ठोकून त्यावर रंग फासतो. काही वर्षांपूर्वी चाकणच्या एका कारखान्याच्या खेपेत आम्हाला हेच आढळले. सीलच्या क्रमांकात काहीच वावगे नव्हते, पण निघतानाच्या आणि पोहोचल्यावरच्या फोटोंत मुठीवरच्या रिवेटचे डोके वेगळे दिसत होते. निघतानाचा फोटो नसता, तर ट्रान्सपोर्टरने काहीही मान्य केले नसते.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा आणि स्वस्त आहे. कारखान्यात रिकामा कंटेनर आला की माल भरण्याआधी त्याची पाहणी करा: पुढची भिंत, दोन्ही बाजू, जमीन, छत, दारे आतून-बाहेरून, आणि खालचा सांगाडा. अमेरिकेच्या सी-टीपॅट या मालवाहतूक-सुरक्षेच्या कार्यक्रमाने हीच सात ठिकाणांची पाहणी रूढ केली. ती जर्मनीच्या मालासाठीही तितकीच उपयोगी आहे. दाराच्या प्रत्येक रिवेटवर हात फिरवा, ताजा रंग किंवा वेगळ्या धातूचा बोल्ट दिसला तर तो कंटेनर परत पाठवा. ट्रेलर दारात उभा असताना, जहाजाची कटऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोहोचवण्याची शेवटची वेळ, जवळ आलेली असताना कंटेनर परत पाठवणे किती जिवावर येते, हे मला ठाऊक आहे. तरीही तो परत पाठवा.

सील लावताना ते आयएसओ १७७१२ प्रमाणे उच्च सुरक्षेचे, म्हणजे अंगावर 'एच' ही खूण असलेले बोल्ट सीलच असले पाहिजे. याच प्रमाणात 'आय' आणि 'एस' हे खालचे वर्ग आहेत आणि ते या कामाचे नाहीत. सील बसल्यावर ते डोळ्यांनी पाहा, क्रमांक कागदाशी ताडून पाहा, जोराने ओढा, मग पिळून पाहा. नीट न अडकलेले सील ओढताक्षणी निघते, तर कापून चिकटवलेले सील पिळल्यावर निखळते. दोन्ही दारांच्या आतल्या बाजूच्या उभ्या दांड्यांना मिळून एक जाड केबल सील लावा आणि त्याचाही क्रमांक पॅकिंग लिस्टवर लिहा. मुठीचा रिवेट काढून दार उघडण्याची युक्ती या केबलमुळे बहुतांशी निरुपयोगी होते. आपल्या मालाच्या किमतीच्या मानाने तिचा खर्च अगदी किरकोळ आहे.

कंटेनरचा क्रमांक टिपतानाही दक्षता हवी. चार अक्षरे आणि सहा आकडे यांच्यानंतर चौकटीत जो सातवा आकडा असतो, तो आधीच्या अक्षर-आकड्यांवरून गणिताने काढलेला पडताळणीचा आकडा असतो. एखादे अक्षर किंवा आकडा चुकला तर हा आकडा सहसा जुळत नाही, आणि तो तपासण्याची सोय संगणकावर सहज मिळते. एका खेपेत सील क्रमांकाचा एकच आकडा कागदोपत्री चुकल्यामुळे आमचा कंटेनर बंदरात चार दिवस अडकला होता. तेव्हापासून क्रमांक हाताने उतरवून घेण्याऐवजी आधी फोटो काढायचा आणि फोटोवरून लिहायचा, असा आमचा नियम आहे.

यापुढचा मुद्दा वजनाचा आहे, आणि तो मी थोडा विस्ताराने मांडतो, कारण बहुतेक निर्यातदारांच्या हाताशी असलेला हा पुरावा वाया जातो. १ जुलै २०१६ पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. ते दोन पद्धतींनी काढता येते. पहिल्या पद्धतीत भरलेला कंटेनर काट्यावर तोलतात. दुसरीत प्रत्येक बॉक्स, पॅलेट आणि आधाराचे लाकूड यांच्या वजनात कंटेनरचे स्वतःचे वजन मिळवतात. दुसरी पद्धत नियमात बसते, पण अनेकदा तिथे पॅकिंग लिस्टमधलेच आकडे बेरजेला घेतले जातात. १४ बॉक्स चढलेच नसतील तरी ती बेरीज तीच येते. अशा व्हीजीएमचा पुरावा म्हणून काहीही उपयोग नाही.

म्हणून पहिली पद्धत वापरा, आणि तीही अशी: ट्रेलर रिकाम्या कंटेनरसह ज्या काट्यावर तोलाल, भरल्यानंतर त्याच दिवशी त्याच काट्यावर पुन्हा तोला. आपल्या १४ बॉक्सचे वजन ३५० किलो होते. दोन वजनांच्या मध्ये गाडीच्या टाकीत २०० लिटर डिझेल भरले गेले, तर तेवढ्यानेच सुमारे १७० किलोचा फरक पडतो आणि हिशेब गढूळ होतो. पण गाडी तीच, काटा तोच आणि मध्ये डिझेल भरलेले नाही, असे असेल, तर चांगल्या काट्यावर ३५० किलोची तूट लपू शकत नाही. या दोन पावत्यांवरून माल कारखान्यातून पूर्ण निघाला हे ठामपणे सांगता येते. आपण गेल्या खेपेला कोणती पद्धत वापरली होती, ते आजच आपल्या सीएचएला, म्हणजे सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या एजंटला, विचारा. पहिली वापरली असेल, तर अर्धे उत्तर त्या पावतीतच आहे.

कारखाना ते न्हावा शेवा हा टप्पा दीडशे किलोमीटरच्या आतला आहे, पण पुण्याच्या निर्यातदारासाठी हाच सर्वांत उघडा भाग आहे. घाटातली कोंडी, खालापूरजवळचे थांबे, पळस्पे फाट्यापासून पुढे करळ फाट्यापर्यंतच्या रांगा, कटऑफ चुकली तर रात्रभर उभा असलेला ट्रेलर, यांत कंटेनर तासन्‌तास एकटा असतो. निघण्याची वेळ, ठरलेले थांबे आणि बंदराच्या गेटवरची वेळ यांची नोंद ट्रान्सपोर्टरकडून लेखी घ्या. गाडी मध्येच बदलली किंवा ड्रायव्हर बदलला, तर त्याच क्षणी कळवण्याची अट करारात घाला. ड्रायव्हरला चांगली वागणूक द्या, त्याच्यासाठी कारखान्यात पाणी, शौचालय आणि बसायला जागा असू द्या. मला हे सुरक्षेचेच काम वाटते, कारण ज्या माणसाच्या हाती आपण वीस टनांचा भार सोपवतो तो थकलेला आणि चिडलेला असू नये.

याच टप्प्यावर आपल्याकडे आधीपासून असलेल्या दोन साधनांचा उपयोग होतो. सन २०१७ पासून स्व-सीलबंदीच्या निर्यात कंटेनरला आरएफआयडी ई-सील (रेडिओ लहरींनी वाचले जाणारे सील) लावणे सीमाशुल्क विभागाने सक्तीचे केले. पुष्कळ जण या ई-सीलला जीपीएस समजतात, तसे ते नाही. ते स्वतःहून कोणालाही काही कळवत नाही. बंदरावर वाचकयंत्रासमोर आल्यावर फक्त आपला क्रमांक आणि आपण अखंड आहोत की तुटलो आहोत एवढे सांगते. आपल्या कंटेनरचे वाचन न्हावा शेव्याला अखंड म्हणून नोंदले गेले का, हे ई-सील पुरवठादाराकडून लेखी मागवा. दुसरे साधन लॉजिस्टिक्स डेटा बँकेचे आहे. सन २०१६ मध्ये जेएनपीटीपासून, म्हणजे न्हावा शेव्याच्या बंदरापासून, सुरू झालेल्या या व्यवस्थेत कंटेनर क्रमांक टाकला, की वाचकयंत्रे बसवलेल्या टोलनाक्यांवरच्या, सीएफएस-आयसीडीतल्या आणि बंदराच्या गेटवरच्या वेळा दिसतात. या वेळा ट्रान्सपोर्टरच्या नोंदीशी ताडून पाहिल्या, की दोन नोंदींमधला न पटणारा उशीर लगेच डोळ्यांत भरतो. या दोन्ही साधनांची मर्यादा अशी, की त्यांची नजर आपल्या देशापुरती आहे.

समुद्रावरचा भाग मी थोडक्यात आटोपतो. शिपिंग लाइनच्या संकेतस्थळावर कंटेनर कधी चढला, कोणत्या बंदरात दुसऱ्या जहाजावर गेला, कधी उतरला हे दिसते. जहाजाचे स्थान एआयएस या जहाजांचा ठावठिकाणा प्रसारित करणाऱ्या यंत्रणेमुळे स्वतंत्रपणेही पाहता येते. रचलेल्या ढिगात, जहाजावर, समुद्रात असताना आपल्या कंटेनरला कोणी हात लावण्याची शक्यता फार कमी असते. धोका वाढतो तो मधल्या बंदरात उतरवून ठेवल्यावर. त्यामुळे भाड्यात थोडाच फरक असेल तर थेट सेवा निवडा. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. अशा काळात बुकिंगच्या वेळी मिळालेल्या तारखेवर विसंबू नका, दर आठवड्याला नवी तारीख पाहून ग्राहकाला कळवत राहा. दुसऱ्याच्या संगणकावर पूर्ण भिस्तही ठेवू नये. जून २०१७ मध्ये नोटपेट्या या घातक प्रणालीने मर्स्क या शिपिंग कंपनीची संगणकव्यवस्था कोलमडली, तेव्हा न्हावा शेव्यातल्या त्यांच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले होते. ज्यांच्याकडे आपली स्वतःची नोंदवही होती, त्यांना आपला कंटेनर कोणत्या टप्प्यावर आहे हे त्या दिवसांतही सांगता आले.

एवढे सांगितल्यावर जीपीएसचा प्रश्न सोपा होतो. कंटेनर ही पोलादी पेटी आहे. आत ठेवलेल्या उपकरणाचा संपर्क तिथेच क्षीण होतो, आणि वर दुसरे कंटेनर रचले गेले की बऱ्याचदा पूर्ण तुटतो. उपकरणात लिथियम बॅटरी असते, तिच्याविषयी शिपिंग लाइनला आधी विचारून घ्यावे लागते. जर्मनीतून ते परत आणण्याचा खर्च आपल्यालाच करावा लागतो. आणि सर्वांत मोठा प्रश्न असा, की रात्री तीन वाजता दार उघडल्याची सूचना आली, तर ती पाहून फोन उचलणारा आणि पुढे काय करायचे हे जाणणारा माणूस आपल्याकडे आहे का? तो नसेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याला फक्त चोरीची अचूक वेळ कळेल. औषधे, इलेक्ट्रॉनिक वस्तू किंवा तापमान सांभाळावे लागणारा माल असता, तर प्रकाश आणि दाराची हालचाल ओळखणारे उपकरण मी नक्की घ्यायला सांगितले असते. महिन्याला एक कंटेनर यंत्रभागांसाठी मी ते संपूर्ण प्रवासाला घेणार नाही. त्याऐवजी कारखान्यापासून बंदरापर्यंतच्या रस्त्यासाठी, दाराबाहेर लागणारे आणि बंदरावर काढून परत मिळणारे जीपीएस कुलूप भाड्याने घ्या. त्याच्या सूचना ट्रान्सपोर्टर आणि आपण या दोघांनाही जातील, अशी व्यवस्था करा. सहा महिने वापरून पाहा आणि मग ठरवा.

आपण चोरीविषयी विचारले आहे, पण युरोपला जाणाऱ्या कंटेनरमध्ये काही काढले जाण्याइतकाच काही घातले जाण्याचाही धोका असतो. अमली पदार्थांचे तस्कर दुसऱ्याच्या निर्दोष मालाचा कंटेनर निवडतात, दाराजवळ पिशव्या ठेवतात आणि सारख्याच क्रमांकाचे बनावट सील लावतात. दक्षिण अमेरिकेतून अँटवर्प आणि रॉटरडॅमला जाणाऱ्या मार्गांवर हे मोठ्या प्रमाणात घडते. मधल्या बंदरात आपला कंटेनर अशा मालाशेजारी उभा राहिला, तर आपलाही त्यात वापर होऊ शकतो. युरोपच्या बंदरांत कंटेनर सोडवण्यासाठी दिले जाणारे पिन क्रमांक चोरून अख्खा कंटेनरच पळवल्याच्या घटनांची दखल युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेने २०२३ च्या अहवालात घेतली आहे. म्हणून कंटेनर क्रमांक, सील क्रमांक आणि जहाजाचे नाव एकत्र दिसणारे फोटो पन्नास माणसांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. ज्यांना कामासाठी ते लागतात अशा चार-पाच जणांनाच पाठवा. कारखान्याच्या जाहिरातीसाठी नव्या खेपेचा फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह मी समजू शकतो, पण निदान क्रमांक झाकून टाका.

मालाचे वर्णनही याच दक्षतेचा भाग आहे. युरोपीय संघाची आयसीएस-२ ही येणाऱ्या मालाची आगाऊ माहिती घेणारी व्यवस्था समुद्रमार्गासाठी ३ जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तिच्यात कंटेनर जहाजावर चढण्याआधीच सहा अंकी एचएस कोडसह (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमांकासह) नेमके वर्णन द्यावे लागते. 'ऑटो पार्ट्स' असे ढोबळ लिहिण्याऐवजी कोणत्या धातूचा कोणता भाग आहे ते लिहा, नाहीतर जोखीम तपासणीत आपला कंटेनर विनाकारण बाजूला काढला जाईल. शिस्त बसली, की सीमाशुल्क विभागाच्या एईओ कार्यक्रमात (विश्वासू व्यापाऱ्यांना मान्यता देणाऱ्या योजनेत) टी-१ या पहिल्या पायरीपासून अर्ज करण्याचा विचार करा. लघु आणि मध्यम उद्योगांसाठी त्याच्या अटी काही प्रमाणात सैल केलेल्या आहेत, आणि त्या अर्जाच्या निमित्ताने आपल्याच गेटवरच्या उणिवा समोर येतात.

राहिला या खेपेचा दावा, आणि इथे वेळेला फार महत्त्व आहे. आपल्या बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे शिपिंग लाइनने दिलेल्या माल-पावतीवर, माल पाठवणाऱ्यानेच भरला, मोजला आणि सीलबंद केला, अशा अर्थाचा शेरा असणार. सील शाबूत मिळाले असेल तर या शेऱ्याच्या आधारे शिपिंग लाइन जबाबदारी नाकारते, आणि बहुतेक वेळा तिचे म्हणणे टिकते. समुद्री मालवाहतुकीच्या हेग नियमांनुसार वरून न दिसणारी तूट माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवावी लागते. ती मुदत टळली तरी दावा संपत नाही, पण माल बरोबर पोहोचला असे प्रथमदर्शनी मानले जाते आणि उलट सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. कोर्टात जाण्याची मुदत एक वर्षाची आहे. ग्राहकाने लेखी कळवले होते का, हे आधी विचारा.

विक्री एफओबी असेल, तर माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम आपली असते आणि ग्राहकाचा विमा सहसा त्या पुढच्या भागाचा असतो. भोसरी ते न्हावा शेवा या रस्त्याचा विमा अनेकदा कोणाकडेच नसतो, हे माझ्या पाहण्यात वारंवार आले आहे. आपली पॉलिसी काढून हा टप्पा तिच्यात येतो का ते वाचा, नसेल तर पुढच्या खेपेआधी तो घालून घ्या.

ग्राहकाकडून आज मागवायच्या गोष्टी अशा: सील कापण्याआधीचा फोटो असेल तर तो, दाराच्या मुठीचे आणि रिवेटचे फोटो, पहिल्या दोन पॅलेटच्या स्ट्रेच फिल्मचे फोटो, आणि गोदामात कोणी, किती वाजता मोजणी केली याची नोंद. रिकामा कंटेनर परत गेला असेल, तर त्याच्या दाराची अवस्था आता कळणार नाही, पण पॅलेट आणि फिल्म कदाचित अजून तिथे असतील. त्यांना म्हणावे, ते टाकून देऊ नका. काट्याच्या पावत्या, ई-सीलचे वाचन आणि हे फोटो हाती आले, की येथेच लिहा. बॉक्स दाराजवळचे होते की आतले, एवढे कळले तरी पुढे कोणाला पत्र लिहायचे, हे मी सांगू शकेन.